रू द ला पे : दुकानांच्या वरचे मजले

पॅरिसमधील प्लास व्हाँदोम हा चौक आणि शार्ल गार्निएने बांधलेले ऑपेरागृह यांना जोडणारा रू द ला पे हा रस्ता जेमतेम २३० मीटर लांबीचा आहे. रमतगमत चालणाऱ्यालाही तो संपवायला चार-पाच मिनिटे पुरतात. तरीही एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापासून पहिल्या महायुद्धापर्यंत श्रीमंतांच्या पोशाखाचा आणि अलंकारांचा विचार जगात जेथे जेथे होत असे, तेथे तेथे या रस्त्याचे नाव ठाऊक होते, आणि न्यूयॉर्कच्या धनिक घरातील मुलीचे लग्न असो की सेंट पीटर्सबर्गच्या दरबारातील मेजवानी, तिची तयारी याच रस्त्यावरील एखाद्या पेढीत सुरू होत असे. फ्रान्समध्ये खेळल्या जाणाऱ्या मोनॉपॉलीच्या पटावर सर्वांत महाग घर आजही रू द ला पेचेच असते.

अशा रस्त्यांची वर्णने बहुधा दर्शनी काचांपासून सुरू होतात आणि तेथेच थांबतात. रू द ला पेचा इतिहास मात्र तळमजल्यावरून समजत नाही. या रस्त्यावरील जवळपास प्रत्येक नामांकित पेढीत खाली विक्रीचे दालन आणि वर कामाची जागा अशी रचना होती. खाली पाय ठेवणाऱ्या गिऱ्हाइकाला वरच्या मजल्यांवरील शेकडो हातांची चाहूलही लागू नये अशी व्यवस्था असे, पण रस्त्याची सारी प्रतिष्ठा त्या हातांवरच उभी होती. वरचे मजले कसे भरले आणि त्यांपैकी कोणते पुढे रिकामे झाले, हे पाहिल्यावरच चैनीच्या बाजारपेठेचे खरे गणित उलगडते.

रस्त्याच्या दक्षिण टोकाचा प्लास व्हाँदोम हा चौक त्याच्याहून सुमारे शंभर वर्षांनी जुना आहे. चौदाव्या लुईच्या काळात झ्यूल आर्दुआँ-मान्सार या वास्तुविशारदाने त्याची आखणी केली, आणि ती करताना आधी चौकाभोवतीच्या इमारतींचे फक्त दर्शनी भाग उभारून त्यांच्या मागील जागा नंतर विकण्यात आल्या. ज्याने जागा घेतली त्याने आपले घर मागे हवे तसे बांधावे, पण पुढच्या भिंतीला हात लावू नये, असा दंडक होता. तळाशी कमानी, वर दोन मजले उंचीचे सपाट अर्धस्तंभ आणि त्यांवर उतरत्या छपरातील खिडक्या ही एकसारखी रचना त्या दंडकामुळे आजतागायत टिकली आहे. पुढे जेव्हा जवाहिरे या चौकात आले, तेव्हा त्यांना भडक पाट्या लावण्याची वा इमारतीचा चेहरा बदलण्याची मुभा नव्हती. मालाची जाहिरात भिंतीवर करता येत नसल्यामुळे ती पेढीच्या नावाने आणि कामाच्या दर्जानेच करावी लागली, आणि या भागाला लाभलेल्या संयत रूपाचे श्रेय दुकानदारांच्या अभिरुचीइतकेच मान्सारच्या त्या दंडकालाही द्यावे लागते.

चौकाच्या उत्तरेला कापुचिन पंथाच्या जोगिणींचा मठ होता. फ्रेंच राज्यक्रांतीत मठांच्या मालमत्ता सरकारजमा झाल्या, आणि १८०६ मध्ये नेपोलियनच्या आज्ञेने त्या मठाच्या जागेवरून एक सरळ, रुंद रस्ता काढण्यात आला. प्रारंभी त्याला नेपोलियनचेच नाव होते. १८१४ मध्ये सम्राट पदच्युत होऊन बूर्बाँ राजघराणे परतले आणि युरोपात तह झाला, तेव्हा नव्या राजवटीने त्याला शांततेचा रस्ता हे आजचे नाव दिले. मध्ययुगीन पॅरिसच्या अरुंद, चिखलमय गल्ल्यांच्या मानाने हा रस्ता विलक्षण मोकळा होता. दोन घोडागाड्या दोन्ही बाजूंना उभ्या राहून मधून इतर गाड्या सहज जाऊ शकत, आणि ज्या व्यापारात गिऱ्हाईक स्वतःच्या गाडीतून येते त्या व्यापाराच्या दृष्टीने ही गोष्ट क्षुल्लक नव्हती. १८२९ मध्ये पॅरिसच्या सार्वजनिक रस्त्यांवर गॅसचे दिवे आले, तेव्हा ते मिळालेल्या पहिल्या मोजक्या जागांमध्ये रू द ला पेचा समावेश होता.

रस्ता नवा असला, तरी त्यावर आलेला धंदा नवा नव्हता. अठराव्या शतकात पॅरिसमधील उंची वस्त्रांचा व्यापार रू सँतोनोरे या जुन्या रस्त्यावर एकवटलेला होता. राणी मारी आंत्वानेत हिची प्रसिद्ध वेशभूषाकार रोझ बेर्तँ हिचे दुकान तेथेच होते, आणि त्याच्या पाटीवर ‘थोर मोगल’ अशा अर्थाचे नाव होते, कारण हिंदुस्थानातील बादशाही ऐश्वर्याची कीर्ती फ्रेंच गिऱ्हाइकांपर्यंत मलमल आणि हिऱ्यांबरोबर पोचलेली होती. त्या काळी पोशाखाचे काम श्रेणींमध्ये विभागलेले असे. श्रेणी म्हणजे एकेका व्यवसायाचे राजमान्य संघ. कापड विकणाऱ्याने शिवायचे नाही, शिवणाऱ्याने कापडाचा साठा ठेवायचा नाही, आणि झालरी, फिती, फुले लावून पोशाखाला नटवण्याचे काम तिसऱ्याच श्रेणीचे. त्यामुळे श्रीमंत स्त्रीला आधी कापडवाल्याकडे, मग शिंपिणीकडे आणि शेवटी सजावटकाराकडे जावे लागे, किंवा या सर्वांना घरी बोलवावे लागे. १७९१ मध्ये क्रांतिकारकांच्या सरकारने श्रेणी बरखास्त केल्या. कायद्याची भिंत पडली तरी व्यवहाराची सवय मात्र पुढे जवळपास दोन पिढ्या तशीच राहिली.

रू द ला पेवर पहिल्यांदा आलेल्यांत मेलेरियो हे लोंबार्दीतून आलेले जवाहिऱ्यांचे घराणे होते. १६१३ मध्ये राणी मारी द मेदिसी हिने या घराण्याच्या पूर्वजांना व्यापाराची खास सनद दिली होती, आणि १८१५ मध्ये त्यांनी या रस्त्यावर मांडलेली पेढी आजही ९ क्रमांकाच्या घरात चालू आहे. त्यानंतर पंचवीसएक वर्षांनी गेर्लँ हा अत्तरकार १५ क्रमांकात आला. या सर्वांना एकाच गोष्टीने ओढून आणले होते. त्वीलेरीचा राजवाडा येथून हाकेच्या अंतरावर होता, आणि राजवाड्याच्या अवतीभोवती परदेशी वकिलाती, सरदारांची घरे आणि उतारूंसाठीची उंची हॉटेले होती. चैनीचा माल विकणारा दुकानदार गिऱ्हाइकाच्या वाटेवर बसतो, आणि वाट बदलली की तोही उठतो. पॅरिसमध्ये ही वाट सातत्याने पश्चिमेकडे सरकत गेली, आणि रू द ला पे हा त्या सरकण्यातील सर्वांत दीर्घ मुक्काम ठरला.

या मुक्कामाला जगभर नाव मिळाले ते एका इंग्रज माणसामुळे. चार्ल्स फ्रेडरिक वर्थ याचा जन्म १८२५ मध्ये लिंकनशरमधील बोर्न या गावी झाला. कोवळ्या वयातच तो लंडनमधील कापडाच्या दुकानांत उमेदवारीला लागला, आणि फावल्या वेळात चित्रसंग्रहालयात जाऊन जुन्या व्यक्तिचित्रांतील पोशाख न्याहाळत असे. विशीच्या सुमारास तो पॅरिसला आला आणि गाझलँ या रेशीम व शालींच्या पेढीत विक्रेता म्हणून राहिला. तेथेच काम करणाऱ्या मारी व्हर्ने या तरुणीच्या अंगावर शाली घालून तो गिऱ्हाइकांना दाखवत असे, आणि शाल उठून दिसावी म्हणून तिच्यासाठी त्याने अगदी साधे पण अंगावर नेमके बसणारे पोशाख बेतले. गिऱ्हाइकांनी शालीऐवजी पोशाखाचीच चौकशी सुरू केली. मारीशी पुढे त्याचे लग्न झाले. पेढीने नाखुशीने का होईना त्याला पोशाखांचा विभाग काढू दिला, आणि १८५१ च्या लंडनच्या प्रदर्शनात त्या विभागाच्या कामाला पारितोषिक मिळाले. १८५८ मध्ये ओटो बॉबर्ग या स्वीडिश भागीदाराबरोबर वर्थने ७, रू द ला पे येथे स्वतःची पेढी उघडली.

वर्थने केलेला बदल बाहेरून साधा दिसतो, पण तो फार खोलवर गेला. कापड, बेत, शिवण आणि सजावट ही चारही कामे त्याने एका छपराखाली आणली. त्याआधी गिऱ्हाईक स्त्री आपल्याला काय हवे ते सांगत असे व शिंपीण ते शिवून देत असे. वर्थने हंगामाच्या आधीच नमुन्याचे पोशाख तयार करून ते जिवंत स्त्रियांच्या अंगावर दाखवायला सुरुवात केली. गिऱ्हाइकाने त्यांतून निवड करायची, कापड ठरवायचे, मापे द्यायची, आणि मग तोच नमुना तिच्या अंगासाठी नव्याने बेतला जायचा. बाह्या, चोळीचे भाग, घेर असे पोशाखाचे तुकडे एकमेकांशी जुळतील अशा ठरावीक आकारांत बेतल्यामुळे थोड्याच मूळ आकारांतून पुष्कळ वेगवेगळे पोशाख निघत, आणि लांब सरळ शिवणींसाठी तो नव्याने आलेली शिलाई यंत्रेही वापरत असे. चित्रकार चित्रावर सही करतो त्याप्रमाणे आपल्या नावाची विणलेली पट्टी पोशाखाच्या आत लावण्याची रीत त्याने पाडली. राजघराण्यांचा अपवाद सोडता मोठमोठ्या घराण्यांतील स्त्रियांना मापे देण्यासाठी त्याच्या दारी यावे लागे, आणि शिंप्याला दाराशी बोलावण्याची सवय असलेल्या समाजात हा उलटा प्रवास मोठा धक्का देणारा होता.

ऑस्ट्रियाच्या राजदूताची पत्नी पाउलीन मेटर्निख हिने वर्थचे रेखाटन पाहून प्रत्येकी ३०० फ्रँकना दोन पोशाख सांगितले. त्यांपैकी एक घालून ती त्वीलेरीच्या नृत्यसमारंभाला गेली, तेव्हा सम्राज्ञी यूजेनीने तो कोणाचा, अशी विचारणा केली, आणि तेथून वर्थला दरबार खुला झाला. या दरबारी कृपेला अर्थकारणाची बाजूही होती. यूजेनीचा पती सम्राट तिसरा नेपोलियन याला लियाँच्या रेशीम उद्योगाला काम मिळवून द्यायचे होते, आणि सम्राज्ञीने जड विणीचे लियाँचे रेशीम अंगावर घातले म्हणजे सारा दरबार आणि त्यामागून सारा युरोप ते मागवणार, हे उघड होते. यूजेनीला असे जड कापड मनापासून आवडत नसे, तरी ते तिने वापरले. रू द ला पेवरील एका पोशाखाचा धागा अशा रीतीने शेकडो मैलांवरील मागांपर्यंत पोचत होता.

वर्थच्या पेढीतील एका खोलीवरून त्याच्या कामातील बारकावा दिसतो. या खोलीच्या खिडक्या बंद केलेल्या असत, भिंतींना आरसे असत आणि भर दिवसाही तेथे गॅसचे दिवे तेवत. रात्रीच्या नृत्यासाठी पोशाख घेणाऱ्या स्त्रीला तो याच खोलीत अंगावर घालून पाहावा लागे, कारण गॅसच्या पिवळसर प्रकाशात निळा रंग मंदावतो, फिका जांभळा मातकट दिसू लागतो आणि दिवसा फिके वाटणारे रेशीम झळाळून उठते. ज्या प्रकाशात पोशाख दिसणार त्याच प्रकाशात तो पारखावा, हा साधा विचार आहे. पण त्यासाठी एक अख्खी खोली राखून ठेवणे आणि गिऱ्हाइकाला तेथवर नेणे, यातच शिंपीकाम आणि ज्याला पुढे ओत कूत्यूर म्हणू लागले ते उंची वेशकाम यांच्यातील अंतर दिसते. ओत कूत्यूर म्हणजे एका व्यक्तीच्या मापांनुसार, मुख्यतः हाताने, अनेक चाचण्या घेत घडवलेला पोशाख.

अशा पोशाखाचा प्रवास वरच्या मजल्यावर कसा होत असे, तेही पाहण्याजोगे आहे. कल्पना कागदावर उतरली की आधी मांजरपाटासारख्या साध्या सुती कापडात त्याचा कच्चा नमुना शिवला जाई. तो अंगावर चढवून टाचण्या लावत, खुणा करत दुरुस्त केला जाई, आणि मग तो उसवून त्याच्या तुकड्यांबरहुकूम खरे कापड बेतले जाई. महाग रेशमाला कात्री लागण्यापूर्वी सर्व चुका स्वस्त कापडावर होऊन जाव्यात, हा यामागचा हेतू. शिवणघरांचे दोन प्रकार असत. कोट, जाकिटे असे ताठ, बांधेसूद कपडे एका घरात, तर चुण्या आणि झुळझुळीत घेर असलेले मऊ कापडाचे काम दुसऱ्यात. प्रत्येक शिवणघरावर एक मुख्य कारागीर स्त्री, तिच्या हाताखाली दुय्यम, त्यांच्याखाली निरनिराळ्या कौशल्याच्या शिवणकामगार स्त्रिया, आणि अगदी तळाशी बारा-तेरा वर्षांच्या उमेदवार मुली अशी उतरंड होती. जमिनीवर सांडलेल्या टाचण्या वेचणे, धागे जुळवून आणणे आणि मोठाले डबे घेऊन शहरभर पोशाख पोचवणे ही या मुलींची कामे होती.

एकट्या वर्थकडे भरभराटीच्या काळात हजाराहून अधिक माणसे कामाला होती, आणि १८९१ मध्ये ३ क्रमांकात झान पाकँ हिची पेढी आल्यावर या छोट्याशा रस्त्यावर शिवणकामगार स्त्रियांचीच बहुसंख्या झाली असे म्हटले तर ते चुकीचे ठरणार नाही. झाँ बेरो या चित्रकाराने पाकँच्या पेढीतून काम संपवून बाहेर पडणाऱ्या या स्त्रियांचे चित्र १९०० च्या सुमारास काढले, आणि पॅरिस शहराच्या इतिहासाला वाहिलेल्या कार्नाव्हाले संग्रहालयात ते आहे. दुपारी जवळच्या त्वीलेरी बागेतील बाकांवर बसून घाईघाईने दोन घास खाणाऱ्या या मुलींना पॅरिसकर मिदिनेत म्हणत. गाण्यांतून आणि कादंबऱ्यांतून त्यांचे हसरे, खोडकर रूप फार रंगवले गेले. वास्तव बरेच कठोर होते. उन्हाळ्यात आणि ऐन हिवाळ्यात गिऱ्हाईक शहराबाहेर गेले की मंदीचे महिने सुरू होत आणि पुष्कळ जणींना घरी बसावे लागे, तर हंगामात समारंभाच्या आदल्या रात्री उशिरापर्यंत सुई चालवावी लागे. १८९२ च्या कायद्याने स्त्रियांच्या रात्रीच्या कामावर बंदी आली, पण उंची शिवणकामाला त्यातून वर्षातील ठरावीक दिवस रात्री अकरापर्यंत काम घेण्याची सवलत मिळाली, आणि ती सवलत नेमकी त्यांनाच मिळाली ज्यांना बंदीची सर्वांत जास्त गरज होती.

ही कोंडी १९१७ च्या मे महिन्यात फुटली. महायुद्ध चालू होते, महागाई भडकली होती, आणि शाँझेलिझे या मार्गावरील झेनी या पेढीने शनिवारी दुपारी काम बंद ठेवून त्या अर्ध्या दिवसाचा पगार कापण्याचे ठरवले. तेथील स्त्रिया रस्त्यावर उतरल्या, आणि काही दिवसांतच शहरभरची शिवणघरे संपात सामील झाली. सुट्टीचा अर्धा दिवस पगारी हवा आणि महागाईपोटी रोज एक फ्रँक जादा हवा, अशा त्यांच्या मागण्या होत्या. ११ जून १९१७ रोजी फ्रेंच संसदेने शिवणकामाच्या उद्योगातील स्त्रियांना शनिवारची अर्धी सुट्टी देणारा कायदा केला. रेशमी पोशाखांच्या इतिहासात या तारखेला मानाची जागा मिळायला हवी, आणि ती क्वचितच मिळते, हे खेदाने नोंदवावे लागते.

मालकांच्या बाजूलाही रस्त्याने असामान्य माणसे पाहिली. झाक दूसे याच्या घराण्याची पेढी २१ क्रमांकात होती. त्याने पोशाखांतून मिळवलेली संपत्ती कलासंग्रह आणि ग्रंथसंग्रह यांवर ओतली, आणि १९२४ मध्ये पिकासोचे ‘ले द्मुआझेल दाव्हिन्यों’ हे त्या वेळी कोणाला फारसे नको असलेले चित्र विकत घेतले. झान पाकँने लंडन, न्यूयॉर्क, ब्वेनोस आयरेस येथे शाखा उघडून एका रस्त्यावरची पेढी अनेक खंडांत नेली, १९०० च्या पॅरिस प्रदर्शनात वेशभूषा विभागाचे अध्यक्षपद भूषवले आणि महायुद्धाच्या काळात वेशकारांच्या संघटनेचे अध्यक्षपदही सांभाळले. शिवणघरांमुळे शेजारच्या धंद्यांनाही बरकत आली. लुई व्हितों याने १८५४ मध्ये रू द ला पेला लागूनच असलेल्या रू नव्ह-दे-कापुसीन या रस्त्यावर दुकान थाटले, तेव्हा त्याचा मूळ व्यवसाय पेट्या बांधून देण्याचा होता. घेरदार पोशाख चुरगळू न देता प्रवासाला नेणे ही स्वतंत्र कला होती, आणि पोशाख जेथे शिवले जात तेथेच ते बांधणाऱ्याचे दुकान असावे हे ओघानेच आले. १९२६ मध्ये याच पेढीने बडोद्याच्या गायकवाड महाराजांसाठी चहाच्या साहित्याची खास पेटी घडवली होती.

या रस्त्याने गोळीबारही पाहिला. २२ मार्च १८७१ रोजी, पॅरिसचा ताबा घेतलेल्या उठावाच्या विरोधात निघालेल्या मोर्चावर रू द ला पेवरच नॅशनल गार्डने गोळ्या झाडल्या आणि माणसे मेली. त्याच वर्षी १६ मे रोजी चौकातील नेपोलियनचा ब्राँझचा स्तंभ त्या उठावातून आलेल्या पॅरिस कम्यूनने पाडला, आणि काही वर्षांत तो पुन्हा उभारला गेला. व्यापार त्याहूनही लवकर सावरला. बॉबर्ग निघून गेल्यावर वर्थने त्याच वर्षी एकट्याच्या नावाने पेढी पुन्हा उघडली. १८७५ मध्ये रस्त्याच्या उत्तर टोकाला ऑपेरागृह सुरू झाले आणि सँ-लाझार स्थानकात आगबोटीला जोडणाऱ्या गाड्यांनी उतरणाऱ्या अमेरिकनांचा ओघ वाढला, तेव्हा साम्राज्य कोसळून राजदरबार नाहीसा झाल्याची उणीव पुरती भरून निघाली.

जवाहिऱ्यांची मोठी लाट यानंतर आली. १८९३ मध्ये फ्रेदेरिक बूशराँने प्लास व्हाँदोमच्या २६ क्रमांकात पेढी आणली, आणि या चौकात आलेल्या आजच्या मोठ्या जवाहिऱ्यांत तो पहिला. कोपऱ्यावर सर्वांत जास्त ऊन येते म्हणून त्याने ती जागा निवडली, अशी आख्यायिका आहे. १८९८ मध्ये चौकात रिट्झ हॉटेल सुरू झाले, १८९९ मध्ये कार्तिए १३, रू द ला पे येथे आला, १९०६ मध्ये व्हान क्लीफ अँड आर्पेल्स आणि १९०७ मध्ये शोमे चौकात दाखल झाले. वेशकाराने जिच्या अंगावरचा पोशाख बेतला त्याच स्त्रीचा गळा जवाहिऱ्याला सजवायचा होता, त्यामुळे दोघांचे शेजार सोयीचे होते. कार्तिएने कोंदणासाठी प्लॅटिनम वापरले. चांदी काळवंडते आणि तिला जाडी लागते. प्लॅटिनम मात्र अतिशय बारीक तारेतही हिरा घट्ट धरून ठेवते, त्यामुळे धातू जवळजवळ दिसेनासा होऊन दागिना जाळीदार फीत वा झालर असल्यासारखा भासू लागला. याच रस्त्यावरील शिवणकामाचे नमुने अशा रीतीने हिऱ्यांत उतरले.

जवाहिऱ्याच्या कारखान्यातील बैठक शतकानुशतके फारशी बदललेली नाही. लाकडी मेजाला अर्धगोल खाचा असतात आणि प्रत्येक खाचेत एक कारागीर बसतो. त्याच्या समोर एक लाकडी खुंटी पुढे आलेली असते, जिच्यावर दागिना टेकवून तो कानशीने घासायचा, करवतीने कापायचा वा त्यात खडा बसवायचा. खाचेच्या खाली मांडीवर येईल असे चामडे टांगलेले असते, आणि घासताना पडणारा सोन्याचा कीस त्यात साठतो. जमिनीवरील लाकडी जाळीच्या फटींत उरलेला कण अडकतो, हात धुतलेल्या पाण्यालाही गाळण असते, आणि हा सर्व केर पुढे गाळून त्यातून धातू परत मिळवला जातो. महाराष्ट्रातील सोनारआळीत राख-माती धुऊन सोने काढणाऱ्या झारेकऱ्यांचे काम याहून निराळे नाही.

भारताशी या रस्त्याचा संबंध दोन वाटांनी आला. पहिली वाट मोत्यांची. इराणच्या आखातात निघणारे मोती मुंबईत येत, तेथे त्यांची निवड होई, त्यांना भोके पाडून ते ओवले जात, आणि मोठा हिस्सा पॅरिसच्या व्यापाऱ्यांमार्फत या पेढ्यांपर्यंत पोचे. नैसर्गिक मोत्यांचे मोल त्या काळी हिऱ्यांच्याही वर गेले होते. १९१७ मध्ये न्यूयॉर्कच्या फिफ्थ अॅव्हेन्यूवरील आपली इमारत कार्तिएने मुख्यतः दहा लाख डॉलरच्या दुपदरी मोत्यांच्या माळेच्या बदल्यात मिळवली. जपानी संवर्धित मोती बाजारात आले आणि १९२९ नंतर मंदी पसरली, तेव्हा हे मोल कोसळले. चाळीस वर्षांनी तीच माळ लिलावात गेली, तेव्हा तिला मूळ किमतीच्या पाचव्या हिश्श्याहूनही कमी रक्कम आली. मुंबईतील मोत्यांच्या व्यापाऱ्यांनाही त्याची झळ बसली.

दुसरी वाट संस्थानिकांची. १९११ च्या दिल्ली दरबाराच्या निमित्ताने झाक कार्तिए हिंदुस्थानात आला, आणि पुढच्या दोन दशकांत अनेक राजघराण्यांनी वडिलोपार्जित रत्ने नव्या कोंदणात बसवण्यासाठी पॅरिसला पाठवली. पतियाळाच्या महाराजांसाठी १९२८ मध्ये पूर्ण झालेला २,९३० हिऱ्यांचा हार रू द ला पेवर लोकांना पाहण्यासाठी मांडला होता. मराठी राजघराण्यांपैकी इंदूरच्या होळकरांचा संबंध विशेष लक्षणीय आहे. तुकोजीराव होळकर (तृतीय) यांनी १९१३ मध्ये शोमेकडून नासपतीच्या आकाराचे, प्रत्येकी सुमारे ४७ कॅरेटचे दोन हिरे घेतले, आणि ‘इंदूर पेअर्स’ या नावाने ते रत्नपारख्यांच्या जगात ओळखले जाऊ लागले. त्यांचे पुत्र यशवंतराव यांचे मराठेशाही पोशाखातील चित्र बेर्नार बूते द मोंव्हेल या फ्रेंच चित्रकाराने काढले, आणि त्यात शुभ्र अंगरख्यावर झळकणाऱ्या हारात ते हिरे दिसतात. शोमेकडून घेतलेल्या त्या हिऱ्यांनी मराठा दरबारी वेशात इतकी सहज जागा घेतली आहे की ते परके वाटत नाहीत, आणि ही त्या काळच्या कारागिरीची खरी पावती म्हटली पाहिजे.

पहिल्या महायुद्धानंतर रस्त्याचे दोन धंदे वेगळे झाले. श्रीमंतांची वस्ती शाँझेलिझेच्या दिशेने आणखी पश्चिमेला सरकली होती, घेरदार पोशाखांची जागा सुटसुटीत कपड्यांनी घेतली होती, आणि नव्या पिढीचे बरेचसे वेशकार रू द ला पेबाहेर पेढी थाटत होते. शानेल जवळच पण रू कांबोंवर होती, मादलेन व्हियोने १९२३ मध्ये अॅव्हेन्यू मोंतेनवर गेली, आणि १९४७ मध्ये क्रिस्तियाँ दिओरने आपला पहिला संग्रह त्याच मोंतेनवर दाखवला. वर्थची पेढी १९३० च्या दशकात रू द ला पे सोडून गेली, पाकँची १९५६ मध्ये बंद पडली. शिवणघराला फारसे बस्तान लागत नाही. मेजे, यंत्रे आणि माणसे दुसरीकडे हलवता येतात, आणि गिऱ्हाईक जिकडे जाते तिकडे ते हलते. जवाहिऱ्याचे तसे नाही. तिजोऱ्या, विमा, रत्ने दलालांकडून दाखवण्यासाठी आणण्याची आणि परत करण्याची रोजची ये-जा, पैलू पाडणारे, मीनाकाम करणारे, दागिने घडवणारे सोनार असे शेकडो छोटे कारागीर पायी जाण्याच्या अंतरावर असणे, यांवर त्याचा धंदा अवलंबून असतो, आणि हे जाळे एकदा विणले गेले की उचलून नेता येत नाही. म्हणून शिंपी गेले आणि जवाहिरे राहिले.

आज या परिसरातील बहुतेक पेढ्या मोठ्या उद्योगसमूहांच्या मालकीच्या आहेत. कार्तिए आणि व्हान क्लीफ रिशमोंकडे, शोमे एलव्हीएमएचकडे, बूशराँ केरिंगकडे. मेलेरियो मात्र अजूनही घराण्याचीच आहे. अशा समूहांना दर्शनी दालन हवे असते, आणि वरचे मजले कार्यालयांना वा खास पाहुण्यांच्या निवासाला देणे त्यांना जास्त फायद्याचे वाटते. नुसत्या पाटीवर चालणारा रस्ता जगातल्या कोणत्याही विमानतळावर उभारता येतो, आणि रू द ला पेला तसे होऊ द्यायचे नसेल तर कारखाने वर राहायला हवेत, ही जाण काही पेढ्यांनी राखली आहे. शोमेचा उंची दागिन्यांचा कारखाना १२, प्लास व्हाँदोममध्येच आहे. तेथील खाचांच्या मेजावर बसणाऱ्या तरुणांची एक मोठी वाट रू द्यू लूव्हरवरील जवाहिरकामाच्या शाळेतून येते. १८६७ मध्ये जवाहिऱ्यांच्या संघटनेने काढलेल्या या शाळेतील पुष्कळसे विद्यार्थी आठवड्यातील काही दिवस वर्गात आणि उरलेले दिवस एखाद्या कारखान्यात उमेदवारी करत शिकतात, आणि त्यांना पहिल्यांदा हाती मिळते ती पितळेची पट्टी. तिच्यावर आखलेल्या रेषेबाहेर करवत न जाऊ देता सरळ कापणे, हा त्यांच्या शिक्षणाचा पहिला धडा असतो.